अश्वशक्तीची पूजा आणि वाशिमचा रस्ता

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल रोखले. बचतीसाठी १९७४ च्या जानेवारीत त्या धनाढ्य देशाला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा कायद्याने घालावी लागली. तरीही जनरल मोटर्सने ६.६ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाची पॉन्टिॲक ट्रान्स ॲम विकणे सोडले नाही. १९७७ साली बर्ट रेनॉल्ड्सने पडद्यावर काळी ट्रान्स ॲम पोलिसांना हुलकावण्या देत पळवली. १९७९ साली, तेल पुन्हा भडकले असताना, अशा एक लाखाहून अधिक गाड्या खपल्या. चौघांच्या गाडीला एवढे इंजिन कशाला, हे बाजाराने विचारले नाही. त्याला गरज भागवायची नव्हती, रुबाब विकायचा होता.

तीच अश्वशक्तीची पूजा आता सरकारी धोरण होऊन वाशिम जिल्ह्यात अवतरली आहे. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा खुला झाला तेव्हा पथकर होता किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे. ज्यांच्या शेतांतून हा रस्ता गेला, त्यांच्या दुचाकीला आणि ट्रॅक्टरला मात्र तेथे मज्जाव आहे!

समर्थक सांगतात, शेतमाल झपाट्याने बाजारात पोचेल. मग कारंज्याच्या बाजार समितीत सोयाबीन घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरने कोणत्या रस्त्याने जावे? बंदी सुरक्षिततेसाठी आहे, असे उत्तर मिळते. ते खरेही आहे. त्या वेगात ट्रॅक्टर घालणे धोक्याचेच. पण हा रस्ता कोणासाठी बांधला, याची कबुली त्याच उत्तरात आहे.

याच कारंज्यावरून मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावत असे. १९२१ साली मँचेस्टरात घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. वेग बेताचा, पण तिच्यात मजुराला जागा होती. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या. गाडी बंद पडली. २०१८ साली नीती आयोगाने ज्या वाशिमला ‘आकांक्षित’ म्हणजेच मागास जिल्ह्यांच्या यादीत घातले, त्याच्या वाट्याला आलेली ही समृद्धी!

प्रगती इंजिनाच्या ताकदीने मोजायची नसते. किती माणसांना बसायला जागा मिळाली, यावर मोजायची असते. शकुंतलेचे रुंदीकरण, गावोगाव वेळेवर एसटी आणि बाजारगावांना जोडणारे धड रस्ते, या तीन मागण्यांचे ठराव प्रत्येक ग्रामसभेत झाले पाहिजेत. कार्यकर्त्यांनी त्या कामाला आजच लागावे.