मोठ्या नळकांड्याचा मोह

नाताळ दोन-अडीच महिन्यांवर आला की आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत पूर्वी चर्चा असे ती मसाला कोणाच्या हातचा, व्हिनेगर कुठले आणि मांस कोणाकडून आणायचे याची. अलीकडे तिच्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. घरी सॉसेज करण्याची हौस वाढली, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु हौसेपाठोपाठ ते भरण्याचे यंत्र आले आणि यंत्रापाठोपाठ प्रश्न आला की, ते किती लिटरचे घ्यावे? या प्रश्नाला बहुतेक घरांत एकच उत्तर दिले जाते: 'घ्यायचेच आहे तर मोठे घ्या, पुढेमागे उपयोगी पडेल.' हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कोणाला रुचो वा न रुचो, या लेखात मी ते मांडणार आहे.

हे 'पुढेमागे' आपल्या घरांतील माळे भरून टाकणारे प्रकरण आहे. पन्नास माणसांच्या जेवणाचे पातेले, एकदाच वापरलेली बिर्याणीची डेग, लग्नात आलेला अजस्र कुकर ही सारी मंडळी तिथे 'पुढेमागे'ची वाट पाहत बसलेली असतात. त्यांत आणखी एका जड, पोलादी पाहुण्याची भर पडली तर फार बिघडले असते असे नाही. परंतु सॉसेजच्या यंत्राच्या बाबतीत मोठे म्हणजे केवळ निरुपयोगी नव्हे, तर अपायकारकही ठरू शकते, आणि तो अपाय बहुधा यंत्र विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. तो हँडल फिरवणारीच्या वाट्याला येतो.

चकलीचा सोऱ्या आठवा. सॉसेजचे यंत्र हे त्याचेच थोरले भावंड आहे: एक नळकांडे, त्यात वरून उतरणारा दट्ट्या आणि खाली बाहेर पडण्याची वाट. आता सांगा, पाच लिटरचा सोऱ्या कोणाच्या घरात पाहिला आहे का? पिढ्यान्‌पिढ्या चकल्या पाडणाऱ्या बायकांना मोठा सोऱ्या सुचला नाही असे नव्हे. शेवेची बारीक जाळी लावली की चकलीच्या ताटलीपेक्षा हात अधिक भरून येतो, पीठ घट्ट झाले की आणखी भरून येतो, आणि सोऱ्या रुंद असला तर दोघींनी मिळूनही तो दबत नाही, हे त्यांना पुस्तकावाचून कळले होते. जे ज्ञान स्वयंपाकघरात मुरलेले आहे, ते यंत्राच्या दुकानात पाऊल टाकताच आपण विसरतो, याचेच मला आश्चर्य वाटते.

पुस्तकही तेच सांगते. नळीतून मांस ठरावीक वेगाने बाहेर पडायला किती दाब लागेल, हे नळी किती बारीक आणि मांस किती घट्ट यावर ठरते. नळकांडे केवढे यावर नव्हे. तोच दाब दट्ट्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर उलट येतो. 10 सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस सेंटिमीटर भरते. 14 सेंटिमीटर व्यासाचे सुमारे 154. व्यास चारच सेंटिमीटरने वाढला, पण दट्ट्यावरचा भार जवळजवळ दुप्पट झाला. मोठ्या यंत्राची दंतचक्रे हा भार हलका करतात, असे विक्रेते सांगतात. काही अंशी ते खरे आहे; परंतु दंतचक्राने जोर वाचवला तर तेवढे फेरे वाढवले, हा व्यवहार कोणालाही चुकवता येत नाही. आणि स्वस्तातल्या मोठ्या यंत्रात ती चक्रे प्लास्टिकची निघाली, तर हातापूर्वी त्यांचेच दात पडतात.

म्हणून 'किती लिटर?' हा प्रश्नच मुळात शेवटी विचारण्याचा आहे. पहिला प्रश्न आतड्याचा. डुकराचे आतडे साधारणपणे 32 ते 35 मिलिमीटर जाडीचे सॉसेज देते. मेंढीचे 18 ते 24 मिलिमीटरचे. हिशेब करून पाहा: 34 मिलिमीटर जाडीच्या एक मीटर आतड्यात सुमारे 900 ग्रॅम मांस मावते, 20 मिलिमीटरच्या एक मीटरमध्ये फार तर 300 ग्रॅम. तीन किलो मांस पहिल्यात साडेतीन मीटरच्या आत संपते. दुसऱ्याला दहा मीटर आतडे लागते, आणि तेही अशा बारीक नळीवर चढवून की जिच्यातून मांस ढकलणे अधिक कष्टाचे. न्याहारीच्या बारीक सॉसेजसाठी कोणी दहा लिटरचे यंत्र घेतले असेल, तर त्याने एकदा स्वतः सगळे नळकांडे रिकामे होईपर्यंत हँडल फिरवावे. पुढचे मला सांगावे लागणार नाही.

दुसरा प्रश्न मांसाच्या तुकड्याचा. गोव्याच्या चोरिसात खिमा नसतो; चरबीसह हाताने कापलेले लहान तुकडे मीठ, व्हिनेगर, मिरची, लसूण आणि गरम मसाल्यात मुरवलेले असतात. ते बारीक नळीत अडकतात आणि दट्ट्या जोराने रेटला की आतडे फुटते. येथे नळकांडे लहान की मोठे याला दुय्यम महत्त्व आहे. नळी रुंद हवी. यंत्राबरोबर किती जाडीच्या नळ्या मिळतात हे न विचारता त्याचे लिटर विचारणारा गृहस्थ म्हणजे पायाचे माप न देता चपलेचा रंग ठरवणारा.

मग ही मोठाली यंत्रे जगात आली तरी कशी? त्यांचा जन्म दुसऱ्या हवेत आणि दुसऱ्या निमित्ताने झाला. स्पेन-पोर्तुगालच्या खेड्यांत हिवाळा लागला, म्हणजे साधारणतः 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून पुढे, घरचे पोसलेले डुक्कर मारण्याचे दिवस येत. शेजारीपाजारी जमत आणि अख्ख्या जनावराचे मांस एक-दोन दिवसांत मार्गी लावत. अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांतही हे काम कडक थंडीचेच होते. जिथे अंगणच शीतकपाट, हाताशी दहा माणसे आणि पुढ्यात सबंध जनावर, तिथे मोठे नळकांडे हवेच. आपण आणतो बाजारातून दोन किलो खांद्याचे मांस. स्वयंपाकघरात ऑक्टोबरचा उकाडा, मदतीला एखादी सून किंवा शाळकरी मुलगा. त्यांचे यंत्र तेवढे आपण उचलून आणले; त्यांची थंडी आणि त्यांचे शेजारी काही आणता आले नाहीत.

यावर गोव्याचे मित्र लगेच म्हणतील की, आमच्याकडे पावसाळ्याच्या पुरुमेंतासाठी भर उन्हाळ्यात ढीगभर चोरिस होत असे, तेव्हा कोठे होती थंडी? आक्षेप रास्त आहे. परंतु त्या चोरिसाचे रक्षण मीठ, व्हिनेगर, ऊन आणि धूर करीत असत, आणि ते भरणारे हातही अनेक असत. ताज्या सॉसेजला यांतले कोणतेच कवच नसते. ते कच्चे असते, शीतकपाटात एक-दोन दिवस टिकते आणि फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने चांगले राहते. मांस चार अंशांच्या आसपास थंड असेल तर चरबी दाणेदार राहते आणि सॉसेज भाजल्यावर रसदार होते; ते गरम झाले की चरबी चिकट होऊन माखते आणि जंतूंचेही फावते. यंत्र मोठे असले की माणूस ते भरण्यासाठी अधिक मांस आणतो, आणि पहिले दोन किलो भरून होईपर्यंत उरलेले सहा किलो नळकांड्यात तापत राहते. खरी मेख येथे आहे.

पुढे ते फ्रीझरमध्ये मावत नाही म्हणून कोणी चुलीवर टांगून ठेवतो. अशा हौशी मंडळींसाठी लॅटिनचा एक धडा. 'बोटुलिझम' या जीवघेण्या विषबाधेचे नाव 'बोटुलुस' या लॅटिन शब्दावरून पडले, आणि त्याचा अर्थच सॉसेज. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या युस्टिनुस केर्नर या कवी-वैद्याने 1820 आणि 1822 साली या 'सॉसेजच्या विषा'वर ग्रंथ लिहिले. हवा न लागणाऱ्या आतड्यात, ऊब मिळाली की ते जंतू विष तयार करतात. धूर देऊन टांगण्याची विद्या योग्य मापाच्या क्युरिंग सॉल्टसह शिकून घ्यावी. फ्रीझर भरला म्हणून ती त्या रात्रीपासून सुरू करू नये.

तर मग घ्यावे केवढे? एका बैठकीत जेवढे मांस तुम्ही खरोखर भरता, तेवढे एका किंवा फार तर दोन वेळांत मावेल इतके. एक लिटरला एक किलो हा ढोबळ हिशेब. पण दट्ट्यालाही जागा लागते, म्हणून तीन लिटरच्या यंत्रात अडीच किलोच धरावे. चार-सहा माणसांच्या घराला तीन लिटर पुष्कळ झाले. दोन-तीन भावांची कुटुंबे नाताळला एकत्र बसत असतील तर पाच. त्यापुढे मी तरी कोणत्याही घराला जाऊ देणार नाही. लहान घाण्यासाठी मोठे यंत्र घेतल्याने आणखी एक तोटा होतो: दट्ट्या तळाला टेकला तरी तळाच्या वळणात आणि नळीत मांस उरतेच. वीस सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद अशा नुसत्या नळीतच साठ ग्रॅम अडकते. मोठ्या यंत्राचे वळण त्याहून अधिक गिळते. दोन किलोच्या घाण्यात हे नुकसान डोळ्यांना दिसते.

विकत घेण्यापूर्वी आपला ओटाही मोजावा. कडाप्पाच्या ओट्याला पुढे पुरेशी कड नसेल तर यंत्र शिकंजाने आवळता येत नाही, आणि न आवळलेले यंत्र हँडलबरोबर स्वतःच फिरू लागते. उभे यंत्र ओट्यावर ठेवल्यावर त्याचे हँडल घरातल्या बाईच्या खांद्याच्या वर जात असेल, तर ते तिच्यासाठी नाही. नळकांडे सुटे होऊन सिंकमध्ये मावते का, हेही पाहावे. ही तपासणी करायला दुकानात पुरुषांनी एकट्याने जाऊ नये, एवढी माझी नम्र सूचना आहे.

'यंत्रच नको, हातासारखे काही नाही' म्हणणारा दुसरा पक्षही आहे. चोरिसाच्या तुकड्यांपुरते त्यांचे मला पटते. रुंद तोंडाचे नरसाळे आणि अंगठा यांनी ते काम आजही उत्तम होते. खिम्याला मात्र नरसाळे छळते, आणि खिमा यंत्रालाच नळी जोडून भरू गेले तर त्याचा मळसूत्री दांडा चरबी रगडून गरम करतो.

राहिला प्रश्न मंडळांचा. धर्मग्रामाच्या जत्रेसाठी महिला मंडळाला एका दिवसात तीस-चाळीस किलो सॉसेज करायचे असेल, तर दहा-पंधरा लिटरचे यंत्र त्यांनी अवश्य घ्यावे. ते सभागृहाच्या पक्क्या टेबलाला कायमचे बसवावे, मांस टप्प्याटप्प्याने बाहेर काढावे, विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्यावी, आणि हँडलवर पाळीपाळीने पुरुष मंडळींना उभे करावे. मोठ्या यंत्राचा आग्रह धरणारे कोण होते, त्यांची नावे मंडळाच्या इतिवृत्तात असतीलच.