सांगाडे नव्हे, तो प्याला

ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं बसलं आहे की पालक सिनेमाचं नावसुद्धा नीट वाचत नाहीत. पोरं शांत बसतात ना, मग लावून द्या. ‘कॉर्प्स ब्राइड’च्या बाबतीत ही सोय फार वेळ टिकत नाही. नायक जंगलात शिरतो, जमिनीतून हाडांचा हात बाहेर येतो आणि घरातलं कुणीतरी रिमोट शोधायला धावतं. ‘हे काय भुताखेतांचं लावलंय?’ मुस्लीम घरात त्यात आणखी एक वाक्य जोडलं जातं, ‘कबरीची थट्टा बघायची नसते.’

टिम बर्टन आणि माइक जॉन्सन यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा २००५ साली आला. संगीत डॅनी एल्फमनचं. बाहुल्या तसूभर हलवायच्या, चित्र टिपायचं, पुन्हा हलवायच्या, अशा स्टॉप-मोशन पद्धतीने तो बनवला आहे. लांबी जेमतेम सव्वा तास. अमेरिकेत त्याला ‘पीजी’ दर्जा मिळाला, म्हणजे पालकांनी आधी विचार करावा आणि मग दाखवावा. हा विचार नेमका कशाचा करायचा, तिथे पालक चुकीच्या जागी बोट ठेवतात असं मला वाटतं.

व्हिक्टर हा मासळीच्या धंद्यात पैसा कमावलेल्या घरातला भित्रा मुलगा. व्हिक्टोरिया कंगाल झालेल्या खानदानी घरातली मुलगी. एकाला प्रतिष्ठा हवी, दुसऱ्याला पैसा, म्हणून आईबापांनी लग्न ठरवलेलं. लग्नाच्या तालमीत व्हिक्टरला वचनं आठवत नाहीत, होणाऱ्या सासूच्या झग्याला मेणबत्तीची आग लागते आणि पाद्री त्याला हाकलून देतो. जंगलात एकटाच वचनं घोकताना तो अंगठी एका वाळक्या फांदीत घालतो. ती फांदी नसून एमिलीचं बोट असतं. ही मुलगी प्रियकरासोबत पळून जाण्यासाठी घरातले दागिने घेऊन निघाली होती आणि त्यानेच त्या दागिन्यांसाठी तिचा खून केला होता. आता ती नवरीच्या पोशाखात उठते आणि व्हिक्टरला नवरा मानून मेलेल्यांच्या दुनियेत घेऊन जाते.

ही गोष्ट एका जुन्या यहुदी लोककथेवर बेतलेली मानली जाते. थट्टेत बोटात घातलेली अंगठी, मग उठून उभी राहिलेली मृत स्त्री आणि शेवटी धर्मपंडितांसमोर गेलेला खटला, असा त्या कथेचा गाभा. आपल्या वाचकाला हे परकं वाटू नये. निकाह, तलाक आणि रुजू या तीन गोष्टी थट्टेत केल्या तरी खऱ्या धरल्या जातात, अशा अर्थाची हदीस आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलेली असते. जीभ सांभाळा, शब्दाला वजन असतं, हा धडा दोन्हीकडे आहे. (फिकहच्या हिशेबाने व्हिक्टरचा निकाह अर्थातच झाला नाही. दोन साक्षीदार नाहीत. साक्षीला होते ते झाडावरचे कावळे.)

आता भीतीबद्दल. एमिलीचा डोळा मधूनच बाहेर पडतो, त्या खोबणीत एक अळी राहते आणि ती सल्लेही देते. सांगाडे गातात, नाचतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे नकोच दाखवू. पण आठ-नऊ वर्षांचं मूल या सगळ्याला हसतं. माझ्या भाच्याला अख्ख्या सिनेमात एकच गोष्ट लक्षात राहिली. एमिली व्हिक्टरला भेट म्हणून एक डबा देते, त्यातली हाडं जुळून त्याचा लहानपणी मेलेला कुत्रा उभा राहतो. पुढचे आठ दिवस भाचा विचारत होता, आपलं मांजर पण असं येईल का?

असा प्रश्न आला तर उत्तर द्यायला आपण मोकळे आहोत. आपल्या वस्त्यांमध्ये मृत्यू मुलांपासून लपवलेला नसतो. जनाजा दारातून निघतो, मुलं वडिलांचं बोट धरून कब्रस्तानात जातात, मूठभर माती टाकतात. मकतबमध्ये कबरीतल्या सवाल-जवाबांबद्दल ऐकतात. अशा मुलाला सांगाड्याचं भय कमी आणि कुतूहल जास्त असतं. उलट तोच विचारील की तिथे हिशेब कुणीच का घेत नाही, सगळे नुसते गुत्त्यात बसून गातात कसे? विचारू द्या. ती बर्टनची कल्पना आहे आणि आपला अकीदा वेगळा आहे, एवढं मुलाला एका वाक्यात कळतं.

खरी अडचण उत्तरार्धात आहे, आणि तिथे भीतीदायक असं काहीच दिसत नाही. मेलेल्यांच्या दुनियेतला वृद्ध पंडित सांगतो की हे लग्न वैध नाही. वचन मृत्यूपर्यंतचं होतं आणि मृत्यू तर आधीच येऊन गेला आहे. लग्न पक्कं करायचं तर व्हिक्टरने वर जाऊन, वचनं पुन्हा म्हणून विषाचा प्याला प्यायला हवा. त्याच सुमारास व्हिक्टरला कळतं की व्हिक्टोरियाचं लग्न दुसऱ्याशी लावलं जातंय. त्याला वाटतं, आता वर उरलंच काय? तो तयार होतो. आणि मग सुरू होते लग्नाची धामधूम. केक बनतो, पोशाख शिवले जातात, गाणं रंगतं, मिरवणूक निघते. एक तरुण मुलगा निराश होऊन मरायला निघाला आहे आणि सगळा पडदा त्याच्या स्वागताला नाचतो आहे.

त्यातही रंगांची योजना पाहा. जिवंतांचं गाव राखाडी, थंड, बंद खिडक्यांचं. मेलेल्यांची दुनिया हिरवी-जांभळी, जाझच्या तालावर डोलणारी. कलाकृती म्हणून ही उलथापालथ सुंदर आहे. श्रीमंतीच्या आणि खानदानाच्या हिशेबात अडकलेला समाज मेलेल्यांपेक्षा जास्त मेलेला असतो, हे त्यातून थेट पोहोचतं. पण प्रेमभंगाच्या आठवड्यात असलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला त्यातून काय पोहोचेल?

‘एक दुजे के लिए’ १९८१ साली आला, ‘कयामत से कयामत तक’ १९८८ साली. प्रेमासाठी जीव देणारे नायक-नायिका पाहत आपल्या दोन पिढ्या वाढल्या, आणि त्या मरणाला आपण ‘अमर प्रेम’ म्हणत आलो. आत्महत्या हराम आहे, हे मुलांना आपण जरूर सांगतो. पण एवढं सांगून विषय संपवतो, म्हणून ज्या मुलाच्या मनात तसा विचार आलाय तो गप्प बसतो. त्याला वाटतं, बोललो तर आधी गुन्हेगार ठरू.

बर्टन बेजबाबदार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एमिली प्याला व्हिक्टरच्या ओठांपासून दूर करते. आपलं सुख हिरावलं गेलं म्हणून दुसरीचं हिरावून घ्यायचं नाही, हे तिला व्हिक्टोरियाला पाहून उमगतं आणि ती अंगठी परत देते. तो प्याला शेवटी पितो तिचा खुनी, तोही तिची खिल्ली उडवत. त्याआधी मेलेले लोक गावात येतात तेव्हा घाबरलेल्या जमावातून एक लहान मुलगा पुढे होतो आणि सांगाड्यात आपल्या आजोबांना ओळखतो. मुलांसाठीच्या सिनेमात मृत्यूबद्दल इतका कोवळा क्षण मी फार कमी पाहिला आहे. एवढ्यासाठी तरी सिनेमा दाखवावा.

तेव्हा माझा हिशेब नेहमीच्या उलट आहे. सात वर्षांखालच्यांना नको. आठ ते अकराच्या मुलांना दाखवा, तुम्ही स्वयंपाकघरातून अधूनमधून डोकावलात तरी चालेल. तेरा-चौदाच्या मुलांच्या शेजारी मात्र जाऊन बसा, त्यांना ते आवडणार नाही तरी. पंडित ती अट सांगतो तिथे थांबवा आणि विचारा, व्हिक्टरने आधी कुणाशी बोलायला हवं होतं? उत्तर लगेच येणार नाही. कदाचित खांदे उडवले जातील, फोन हातात घेतला जाईल. सिनेमा पुढे चालू करा, उठू नका. नऊ वर्षांचा धाकटा तोवर पुन्हा त्या कुत्र्याबद्दल विचारू लागलेला असेल.