शिक्षण एकाचे, वेळापत्रक साऱ्या घराचे

ठाणे : नौपाड्यात गोखले रोड किंवा राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांमधील मध्यमवर्गीय घरे घड्याळावर चालतात. सकाळची जलद लोकल, मुलांची शाळा नि क्लास, सासू-सासऱ्यांची औषधे, रात्रीचा स्वयंपाक. अशा घरात पती-पत्नींपैकी एकाने पस्तिशीच्या आसपास पुन्हा विद्यापीठात नाव नोंदवले, की प्रथम विस्कटते ते हे वेळापत्रक. शुल्कासाठी बँक कर्ज देते. वेळ मात्र घरातल्याच कुणाकडून तरी घ्यावा लागतो. तो कुणाकडून, हा खरा प्रश्न आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार नोकरदारांना अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि उमेदवाराला संशोधनास पुरेसा वेळ मिळेल, अशी हमी त्यात असावी लागते. घराकडून अशी हमी कुणी मागत नाही. ती गृहीतच धरलेली असते, आणि पती शिकत असेल तर बहुधा मिळतेही. पत्नी शिकू लागली, की तो वेळ तिच्या झोपेतून वजा होतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात याचा हिशेब सापडतो. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. जवळपास पाच तासांचे हे काम, वर नोकरी आणि लोकलचा प्रवास. प्रबंधाचे प्रकरण लिहायला रात्री अकरानंतरचा वेळ उरतो. मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र बाळकुमला असले, तरी बहुसंख्य पदव्युत्तर विभाग कलिना संकुलातच आहेत. दूरशिक्षणातून एम.ए., एम.कॉम. करता येते, पीएच.डी.ला मात्र दूरस्थ वा ऑनलाइन पद्धत विनियमांनीच नाकारली आहे.

नियमांत सवलती आहेत. पीएच.डी.ची कमाल मुदत ६ वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी २ आणि महिलांना त्यावर आणखी २, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजाही मिळू शकते. या तरतुदी उपयुक्त आहेतच; पण शिकणाऱ्या पित्याला अशी बालसंगोपन रजा नाही. म्हणजे मुलाचे पाहणे हे आईचेच काम, हे गृहीतक नियमातही शिरले आहे. सवलतीने वर्षे वाढतात, दिवसातले तास वाढत नाहीत.

ठाण्याच्या शेजारच्या कल्याणने या विषयातला एक जुना दाखला दिला आहे. कल्याणात १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचा नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळरावांशी विवाह झाला. पत्नीने शिकावे म्हणून गोपाळरावांनी बदल्या स्वीकारल्या, लोकनिंदा सोसली. १८८३ मध्ये आनंदीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. गोपाळरावांच्या आग्रहात सक्तीही होती, हे विसरता येत नाही. तरीही पत्नीच्या अभ्यासाभोवती संसार बेतणारा पती ठाणे परिसरात १४० वर्षांपूर्वी होता.

आज नौपाड्यातील प्रश्न त्याहून साधा आहे. परीक्षेच्या आठवड्यात पोळ्यांना बाई लावायची की डबा मागवायचा, पालकसभेला कुणी जायचे, शनिवारी आजीला दवाखान्यात कुणी न्यायचे. ज्या घरांत हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी बोलले जाते, तिथे पहिले सत्र निभावते. जिथे ‘बघू पुढचं पुढे’ म्हटले जाते, तिथे पहिल्या सत्रातच आजीचे आजारपण किंवा मुलाची दहावी आडवी येते आणि पत्नीचा अभ्यास ‘पुढच्या वर्षी’वर जातो.