धामणीच्या अंगावरचे गोचीड

मुलांनो, भातकापणी सुरू झाली की आमच्या हातखंब्याच्या खाचरांत उंदरांची चंगळ असते. त्यांच्या मागोमाग बांधावर धामण आलीच! परवा चौथीतला एक मुलगा विचारत होता, "बाई, धामणीच्या मानेवर मुगाएवढं कायतरी चिकटलंय. घासलेट ओतू?"

नाही, अजिबात नाही! का, ते ऐका.

तो मूग म्हणजे गोचीड. गाईच्या कानामागे असतो ना, त्याच्याच कुळातला. पण साप-घोरपडींवर राहणारा. खवल्यांच्या फटीत तोंड रुतवतो, रक्त पिऊन फुगतो आणि आपोआप गळून पडतो. रानातल्या धडधाकट सापाला दोन-चार गोचिडांचं काही वाटत नाही. घासलेटाने मात्र त्याचा जीव जाईल. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळे मिटून घेता येत नाहीत. जीभ तर सारखी आत-बाहेर. अंगावर ओतलेलं विष तोंडात जायला कितीसा वेळ? फिनेल, पिकावरची फवारणी, गाईचं गोचिडाचं औषध, सगळ्यांची हीच गत.

खरा त्रास होतो तो पिंजऱ्यातल्या सापाला. त्याला माइट होतात. वांग्यावर लाल कोळी पडतो, त्याचे हे चुलतभाऊ. मिऱ्याच्या भुकटीसारखे काळे ठिपके, जेमतेम एक मिलिमीटरचे! डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली लपतात. बेजार झालेला साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो, खाणं सोडतो. रानात साप जागा बदलतो, पिंजऱ्यात कुठे जाणार बिचारा?

पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान आहे. नीलिमकुमार खैरे यांनी ते १९८६ साली सुरू केलं. असे पुष्कळ साप एकत्र असतील तिथे नवा साप आधी वेगळा ठेवावा लागतो. माइट दिसले, तर पिंजऱ्यातला पालापाचोळा, लाकडं फेकून द्यायची, पिंजरा कढत पाण्याने धुवायचा आणि खाली साधा पांढरा कागद अंथरायचा. कागदावर काळे ठिपके चटकन दिसतात. सापाला कोमट पाण्यात ठेवायचं, डोकं वर राहील एवढंच पाणी. औषध जनावरांच्या डॉक्टरांनीच, सापाचं वजन करून द्यायचं. इव्हरमेक्टिन नावाचं औषध सापाला चालतं, पण तेच कासवाला दिलं तर कासव मरतं! पाहा, अंदाजाचं काम नाही हे. आणि माइटची अंडी सापावर नसतात, पिंजऱ्याच्या फटींत असतात. म्हणून एकदा औषध देऊन भागत नाही, दोन-तीन आठवडे पाठपुरावा करावा लागतो.

पालकांनो, "मग आपणच धामण आणून बरी करू" असा हट्ट घरात झाला, तर सांगा की नाग, धामण, अजगर पकडणं, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शहरांत कुणी परदेशी अजगर पाळतात, त्याचीही सरकारकडे नोंद करावी लागते. जखमी किंवा मलूल साप दिसला, तर लांब उभं राहून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करायचा.

आणि हो, गोठ्यातला गोचीडही बोटांनी चिरडू नका. शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे २०१६ साली माकडतापाचे रोगी सापडले. तो ताप गोचिडांमुळेच पसरतो. सापावरच्या गोचिडाची जात वेगळी, पण जात ओळखायला आपण काय भिंग घेऊन फिरतो? चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ, सावकाश ओढायचा आणि मग साबणाने हात धुवायचे.