साखरेच्या रोगावर झाडपाला: आधी मोजमाप, मग जयजयकार



मधुमेह हा गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग, असे आपण वर्षानुवर्षे समजत आलो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने देशभर झालेली पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. देशात १० कोटींवर माणसे मधुमेही आणि १३ कोटींवर उंबरठ्यावर, असा तिचा हिशेब. एवढी माणसे शहरात मावत नाहीत. आठवडी बाजारात आता जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, गुडमारचा पाला आणि बिबळ्याच्या लाकडाचे पेले मांडून माणसे बसतात ती उगीच नाही. विकणारा छातीठोकपणे सांगतो, डॉक्टरची गोळी बंद करा, साखर मुळासकट जाते.

या झाडपाल्यात काही आहे की नाही, हा प्रश्न भक्तांवर सोडता येणार नाही आणि टिंगलखोरांवरही.

टिंगलखोरांना आधी उत्तर. जगभर मधुमेह्याला बहुधा पहिली जी गोळी दिली जाते ती मेटफॉर्मिन. तिची कुळकथा युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपापाशी सुरू होते. १८९१ साली अमेरिकेत हे झुडूप चारा म्हणून नेले. जनावरांना ते बाधले आणि आज तिथे त्याची गणना उपटून टाकायच्या तणात होते. त्यातल्या गॅलेजीन या पदार्थाने रक्तातली साखर उतरते हे कळले, १९२० च्या दशकात माणसांना देऊनही पाहिले, पण तो विषारी निघाला. त्याच घराण्यातला सौम्य रेणू म्हणजे मेटफॉर्मिन. १९२२ साली डब्लिनमध्ये तो तयार झाला आणि पस्तीस वर्षे जवळजवळ पडून राहिला. १९५७ साली पॅरिसच्या झां स्टर्न यांनी मधुमेह्यांना तो देऊन निष्कर्ष छापले. अमेरिकेची परवानगी मिळायला १९९४ उजाडले. म्हणजे झाडपाल्याच्या वाटेने औषध मिळते. पण ती वाट मोजमापाची आहे, आणि नुसता पाला खाणारी मेंढरे त्या वाटेवर मेली आहेत.

आता भक्तांकडे वळू. बिबळा, म्हणजे विजयसार. त्याच्यावर याच अनुसंधान परिषदेने चाचणी घेतली. १९९८ साली निष्कर्ष आले: ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा उत्साह वाढवणारा आहे. पण हे रुग्ण नव्याने निदान झालेले होते, औषध कोणते ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक होते, आणि शेजारी दुसरी गोळी घेणारा गट तुलनेला नव्हता. नुसत्या पथ्याने किती जण सुधारले असते ते यातून कळत नाही. एका शेतात नवे बियाणे पेरले, पीक चांगले आले; पण शेजारच्या वाफ्यात जुने बियाणे पेरलेच नाही, तर श्रेय बियाण्याचे की पावसाचे?

मेथीचेही तसेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीवर चांगले काम केले. तिच्या दाण्यातला चिकट तंतू आतड्यात साखर शोषण्याचा वेग कमी करतो. पण त्या प्रयोगांत मेथी दिली ती दिवसाला २५ पासून १०० ग्रॅमपर्यंत. सकाळी चमचाभर भिजवून खाणाऱ्याने ते यश आपले समजू नये. कारल्याची २०११ साली थायलंडमध्ये मेटफॉर्मिनशी तुलना झाली. दिवसाला २ ग्रॅम कारल्याने थोडा फरक पडला, मेटफॉर्मिनपेक्षा कमी. गुडमार चावल्यावर गूळ मातीसारखा लागतो हे खरे, पण ती जिभेची गंमत; रक्ताला जीभ नसते.

१९९९ च्या मे महिन्यात अमेरिकेने जांभूळ, कारले, गुडमार आणि वांगे यांच्या मधुमेहावरील मिश्रणाला पेटंट दिले. आपल्याकडे केवढा गहजब झाला! हळदीचे पेटंट १९९७ साली आपण रद्द करून घेतले होते, त्याची धुंदी होतीच. आजीबाईच्या बटव्यावर दरोडा पडला म्हणून भाषणे झाली. बटव्यातली वस्तू गुण देते का, किती मात्रेला देते, हे तपासायला पैसा मागणारे मात्र थोडेच होते. पेटंटाच्या त्या कागदाने डॉक्टरांच्या हाती नवे औषध आले नाही, आणि आपल्या ओरडण्यानेही नाही.

यात शेतकऱ्याचा रोकडा स्वार्थ आहे. उसाचा भाव साखर उताऱ्याला बांधलेला असतो. औषधी पाल्याचा सौदा बहुतेक ठिकाणी नुसत्या वजनावर होतो, आणि वजनावर भाव ठरवणारा व्यापारीच. जमीन, हंगाम, तोडणीचा दिवस, वाळवण्याची रीत यांनी पाल्यातला गुणकारी अंश बदलतो. अर्कात कोणता घटक किती हवा हे चाचणीने ठरले आणि तालुक्याला तो मोजायची सोय झाली, तर चांगला माल पिकवणाऱ्याला प्रतवारीचा भाव मागता येईल. ते ठरेपर्यंत 'रोपे आमची, खरेदीची हमी आमची' म्हणणाऱ्याला शेत देऊ नये. सफेद मुसळीत ज्यांचे हात पोळले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

सरकारने दोन कामे करावीत. बिबळा, मेथी, जांभूळ यांच्या तुलनात्मक, वर्षभर चालणाऱ्या चाचण्या सरकारी पैशाने घेऊन निष्कर्ष, चांगले-वाईट दोन्ही, मराठीत छापावेत. आणि मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना बंदी घालणारा १९५४ चा कायदा वापरावा. तो धूळ खातो आहे.

तोपर्यंत ज्यांना पूड घ्यायचीच आहे त्यांनी घ्यावी, पण गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने सोडू नये. साधी मेटफॉर्मिनची गोळी दोन-अडीच रुपयांच्या आसपास पडते, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. घेत असलेली पूड डॉक्टरला दाखवावी, कारण काही गोळ्यांबरोबर पुडीनेही साखर उतरली तर ती फार खाली जाऊन भोवळ येते. अशा पुड्यांत गुपचूप साखर उतरवणाऱ्या गोळ्या कुटून घातल्याचे प्रकार अनेक देशांत सापडले आहेत. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी पूड सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करावी, आणि दोन्ही कागद जपून ठेवावेत.