काटकसर पोटावर नको

जून उजाडला की गावोगावची मुले पदवीच्या आशेने पुण्यात येतात. निघताना वडीलधारी मंडळी काटकसरीचा उपदेश करतात. तो रास्तच आहे. जो विद्यार्थी रोजचा जमाखर्च टिपतो, अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके आणतो, बसचा मासिक पास काढतो, त्याच्यावर महिनाअखेरीस उसनवारीची पाळी सहसा येत नाही. परंतु खोलीचे भाडे नि अनामत घरमालक ठरवितो. शिष्यवृत्ती केव्हा हाती पडेल, हे सरकारी कचेरी ठरविते. विद्यार्थ्याच्या हाती उरते ते केवळ पोट! मग खानावळीचे एक वेळचे जेवण बंद होते आणि वडापाववर रात्र निभावली जाते. याला काटकसर म्हणणे म्हणजे उपासमारीला सद्गुणाचे नाव देणे होय.

महाराष्ट्राला याहून चांगली वाट ठाऊक आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. पुण्यात १९५५ साली निघालेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने गरजू मुलांच्या राहण्या-जेवण्याची अल्प खर्चात सोय केली. दोहोंचे मर्म एकच: विद्यार्थ्याने श्रम करावेत, पण अन्न-निवाऱ्याचा भार त्याच्या एकट्याच्या शिरावर नसावा.

शासनाने व विद्यापीठांनी वसतिगृहे वाढवावीत, शिष्यवृत्ती सत्रारंभीच द्यावी. विद्यार्थ्यांनीही एक नियम पाळावा: घरून पैसे येताच खानावळीचे पैसे आधी वेगळे काढावेत आणि उरलेल्यात बाकीचा खर्च बसवावा. रिकाम्या पोटी वाचविलेला रुपया पुढे औषधालाही पुरत नाही.