उंबराचे फूल आणि उसना पुरावा

आपल्या धर्मग्रामांतून अधूनमधून काही पत्रके फिरत असतात. अलीकडे ती मोबाइलवरही येतात. त्यांत एका भुंगेऱ्याचे चित्र असते. 'बॉम्बार्डिअर' नावाचा हा भुंगेरा शत्रूच्या अंगावर उकळत्या रसायनाचा फवारा सोडतो. पत्रक सांगते की, हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र येताच स्फोट होतो. ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने घडली असती तर भुंगेऱ्याचे पूर्वज केव्हाच फुटून मेले असते. सबब उत्क्रांती खोटी आणि देव खरा!

या तर्काला माझी हरकत आहे, आणि ती एक श्रद्धावंत म्हणून आहे. मुळात माहितीच चुकीची. ही दोन्ही द्रव्ये भुंगेऱ्याच्या पोटात एकाच पिशवीत मिसळलेली असतात आणि तेथे स्फोट होत नाही. पुढच्या कठीण कप्प्यात विकरांशी गाठ पडली, की मग तापमान १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. क्विनोन इतर कीटकांतही कवच टणक करण्याच्या कामी येतात. कॅटलेज हे विकर तर तुमच्या-माझ्या पेशींतही आहे. खोटा साक्षीदार उभा करणाऱ्या वकिलाने अशिलाचे भले केले, असे कोण म्हणेल?

नुकसान होते ते मुलांचे. दृढीकरणाच्या वर्गात ऐकलेला हा भुंगेरा महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या एका तासात कोसळतो आणि त्याच्या पाठीवर आपण लादलेली श्रद्धाही त्याच्यासह कोसळते. सृष्टीविषयी अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने धर्मग्रंथाचे हसे करू नये, हा इशारा संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या प्रारंभीच देऊन ठेवला आहे.

शिवाय हे पत्रककार निवडक आहेत. इक्न्यूमन जातीच्या गांधीलमाश्यांविषयी ते अवाक्षर काढत नाहीत. त्यांपैकी कित्येकींच्या अळ्या जिवंत सुरवंटाला आतून खात वाढतात. दयाळू देवाने हे हेतुपुरस्सर योजले असेल, हे आपल्या मनाला पटत नाही, असे डार्विनने १८६० साली एसा ग्रे यांना लिहिले. भुंगेऱ्याची कारागिरी देवाच्या नावे जमा करायची, तर सुरवंटाची यातना कोणाच्या खाती मांडायची? सोपे उत्तर मजजवळ नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिताना अवघी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत असल्याचे म्हटले, ते मात्र अशा वेळी आठवते.

मग कीटकांकडे पाहून देव आठवूच नये काय? आठवावा, पण आधी नीट पाहावे. आपल्याकडे दुर्मीळ गोष्टीला 'उंबराचे फूल' म्हणतात. वास्तविक उंबराला शेकडो फुले असतात, ती फळाच्या आत. त्यांच्यापर्यंत पोहोचते ती एक-दोन मिलिमीटरची गांधीलमाशी. तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या छिद्रातून आत शिरताना तिचे पंख गळतात. परत फिरण्याची वाट उरत नाही. आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर माद्यांशी मीलन करून, त्यांच्यासाठी बाहेरची वाट कोरून प्राण सोडतात. माद्या पराग घेऊन नव्या उंबराच्या शोधात निघतात. (बाहेरूनच लांब नळी खुपसून अंडी घालणारे, परागीकरण न करणारे फुकटेही येथे आहेत, हे सांगितलेच पाहिजे.) वड-उंबराच्या कुळाची आणि या माश्यांची ही सोयरीक कोट्यवधी वर्षांची आहे. ती जुळायला एवढा काळ लागला म्हणून तिची नवलाई कमी होते, हे मला अजिबात मान्य नाही. एका क्षणात घडवले तरच ते देवाचे, हा हट्ट कशासाठी?

आपले चर्च हा हट्ट धरत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांतीला केवळ तर्काहून अधिक मानले. त्यापूर्वी कितीतरी आधी एरिक वासमान हा जेझुइट धर्मगुरू मुंग्यांच्या वारुळातील पाहुणे भुंगेरे अभ्यासून त्यांची उत्क्रांती मान्य करत होता; मानवाबाबत तो हातचे राखून होता, हेही खरे. कार्डिनल न्यूमन यांनी तर १८७० साली एका पत्रात म्हटले की, आपण देवावर विश्वास ठेवतो म्हणून रचनेवर ठेवतो. रचना दिसते म्हणून देवावर नव्हे. हा क्रम पत्रककारांनी उलटा केला आहे.

जक्कय ज्या झाडावर चढला, त्याला आपल्या मराठी बायबलात उंबरच म्हटले आहे. धर्मशिक्षणाच्या पुढच्या शिबिरात तो उतारा वाचून झाल्यावर पत्रके बाजूला ठेवावीत आणि पिकू लागलेले एखादे उंबर फोडून मुलांच्या हाती भिंग द्यावे.